उभं राहण्यापुरतं वजन

सहा फूट उंच, तीन फूट रुंद फ्लेक्स.
वर नाग, त्याखाली मण्यार, उजवीकडे घोणस,
डाव्या कोपऱ्यात, चित्रात तरी मोठं दिसावं म्हणून
खरं असतं त्याच्या दसपट, फुरसं.
जिल्ह्याहून आलं ते गुंडाळी करून, रबर लावून.
उभं कशावर करायचं
ते कुणी लिहिलं नव्हतं.

पहिल्या गावात शाळेच्या खिडकीला सुतळीने बांधलं.
दुसऱ्या गावात खिडकी नव्हती,
दोन पोरांनी धरलं,
आणि मी मण्यारीवर पोचेपर्यंत
त्यांचे हात भरून आले, नाग हळूहळू वाकला.
मागून एक म्हातारी म्हणाली, "गेलो गो बिळात!"
त्या दिवशी पुढचं कुणी ऐकलं नाही.

मग वेल्डरकडून लोखंडी करून घेतला.
अकरा किलो. कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं.
दोन महिने खारा वारा खाऊन
मोर्व्याच्या किनाऱ्यावर बिजागरीने अशी कवळी घातली
की उघडा स्टँड उघडाच राहिला,
एसटीच्या दारातून आत शिरेना.
तिथेच सोडला. आता त्यावर कुणाचं तरी जाळं वाळतं.

ओपीडीच्या रद्दी कागदांमागे रेघा ओढत बसायचे.
चार पाय सिमेंटच्या ओट्यावर शहाणे,
कातळावर एक नेहमी अधांतरी.
तीन पाय कुठेही आपापसांत जुळवून घेतात.
काठ्या चिवारीच्या,
प्रत्येक काठीचे तुकडे छत्रीएवढे,
सांध्याला पितळी नळी, गळाच्या काठीला असते तशी.
सगळं मिळून दीड किलो, खांद्यावर, दोरीत.

बस्त्यावमाम एकेकाळी होड्या बांधायचे,
आता गुडघे वाळूत उतरू देत नाहीत.
त्यांच्या खळ्यात उभा करून दाखवला.
दर्याकडून वारा आला, फ्लेक्स फुगलं,
आणि चारही साप स्टँडसकट माडाच्या आळ्यात.
मामा हसले नाहीत.
उठून फ्लेक्सच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला.
"ह्यां शीड आसा, बाय.
तू शीड बांधलंस आणि होडी इसारलंस.
खालचे कोन सोड. वारो येतलो, जातलो."
आणि वजन, मी विचारलं, पायाशी दोन किलो तरी लोखंड...
"वजन कित्याक घेवन फिरतंस?
जंय जातलंस थंय दगड नाय?"

त्या रात्री युरियाच्या गोणीची पिशवी शिवली.
तीन पायांच्या मधोमध लटकते, जमिनीपासून वीतभर वर.
रिकामी असताना घडी करून पर्समध्ये.
मिठबावला वाळू भरते,
कातळावरच्या वाडीत जांभ्याचे तुकडे,
एकदा सोसायटीच्या दारात काहीच मिळेना
तर दुकानदाराने पाच नारळ दिले, मोजून,
आणि मोजून परत घेतले.
निघताना पिशवी उलटी करते. ज्याचं त्याला.

दोष अजून आहेत.
मागचा पाय बोटभर आखूड पडलाय,
पावसाळ्यात चिवारी फुगते, नळीतून निघता निघत नाही.

परवा काजूच्या बागांपलीकडच्या वाडीत
बोलणं संपलं, चहा झाला, सगळे पांगले.
वैजयंती मेस्त्री तेवढी मागे राहिली.
फ्लेक्सपुढे उकिडवी बसली, डाव्या कोपऱ्याशी,
फुरशावर तळहात ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.
तिच्या मुलाला आधी कुठे नेलं होतं
आणि आमच्याकडे किती वाजता आणलं
ते माझ्याच अक्षरात रजिस्टरमध्ये आहे.
काही बोलली नाही.
उठताना दुसऱ्या हाताने काठी धरली,
सगळा भार तिच्यावर दिला.
पाय जरा फाकले, दोरी ताणली,
थांबले.

पिशवीत तिच्याच परड्यातले दगड होते.
वरच्या वळणावर साडेपाचची एसटी
हॉर्न देऊन निघून गेली.