काळी चार मिनिटं

हरिपूरच्या हळदीवर निघालेला सिनेमा
तुम्ही पाहिला नसणार.
बाळगोंडा चौगुल्यांनी दोन पेवांतली हळद विकली,
मेव्हण्याच्या ओळखीनं कॅमेरा आणला
आणि ‘पेवातला चंद्र’ काढला, सत्त्याहत्तर साली.
सांगलीत आठवडा चालला म्हणायचे.
चार दिवस. उरलेले तीन जनरेटर बंद होता.

मी तेव्हा कवलापूरच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजवर
दस्तगीरभाईंच्या हाताखाली.
कार्बन बदलायचा, रिळं गुंडाळायची,
पब्लिक खवळलं की पडद्यामागं जाऊन उभं राहायचं.
तिथनं नायक डावखुरा दिसतो.
मला अजून तो डावखुराच आठवतो.

चुका सगळ्या पाठ आहेत.
नायिका विहिरीवर जाते तेव्हा साडीला रुंद काठ,
परत येते तेव्हा बारीक.
साडी उसनी होती, मालकिणीला लग्नाला जायचं होतं.
माईकची सावली सासऱ्याच्या कपाळावर
गंधासारखी बसलेली.
‘मी जगणार नाही’ म्हणते त्याच क्षणी मागनं एस.टी.चा भोंगा,
आणि ती थांबते, गाडी जाऊ देते,
मग पुन्हा म्हणते. हळू. पहिल्यापेक्षा खरं.

पण पेवात उतरायच्या आधी
ती कंदील दोरीला बांधून खाली सोडते,
आत हवा आहे का बघायला.
कंदील विझतो.
ढॅण नाही, व्हायोलिन नाही. वाद्यांना पैसे होते कुठं?
ती दोरी वर ओढत राहते,
वावभर, वावभर,
आख्खी दोरी.
पैसेवाल्यानं कापलं असतं ते.

दुसऱ्याला तर नावही नव्हतं.
डब्यावर खडूनं : बाई, गाणं, मिरज, पाच रिळं.
चंद्राबाई कागवाडकर एका रात्री गायल्या
आणि कुणा हौशी माणसानं एकाच कॅमेऱ्यानं ते धरलं.
पहिलं रीळभर नुसते तंबोरे लागतायत.
तंबूत बोंब उठली, ‘चालू करा की राव!’
अहो, चालूच होतं.
मागच्या भिंतीला टेकून तंबोरा करणारा कारागीर बसलाय,
आपलाच भोपळा ऐकतोय.
जवारी नेमकी बोलते तेव्हा
तो डोळेबिळे मिटत नाही.
नाक खाजवतो.
असला आनंद मी पुन्हा कुठल्याच पडद्यावर पाहिला नाही.

पाचव्या रिळात, ऐन द्रुतात, कॅमेऱ्यातली फिल्म संपली.
आवाजाचं यंत्र चालू राहिलं.
चार मिनिटं पडदा काळा, आणि त्या अंधारात बाई
जिना चढावा तशी तान घेत वर.
शिट्ट्या. तिकिटाचे साठ पैसे परत.
दस्तगीरभाईंनी मशीन बंद केलं नाही.
‘बाई उठंपर्यंत आपण उठायचं नाही’, एवढंच बोलले.

मग तंबू मोडला. रिळं चांदीसाठी मिरजेच्या
भंगारवाल्याकडं, किलोवर.
त्या काळ्यातली हातभर पट्टी मी कात्रीनं कापून खिशात घातली.
चोरी म्हणा.

ऐंशीच्या फेब्रुवारीत सूर्याला ग्रहण लागलं.
शनिवार. दारं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही.
मी एकटा गच्चीवर,
पट्टीची चौघडी करून डोळ्याला लावली.
सूर्याची कोर झाली, नखाएवढी,
आणि तिच्या कडेनं, फिल्मच्या काठावर,
ती बारीक नागमोडी रेघ :
चंद्राबाईंची तान.
ऐकू येत नव्हती. दिसत होती.

करू नये म्हणतात तसं. बरोबरच म्हणतात.
तेव्हापासून उजव्या डोळ्यात वर, कोपऱ्यात, एक ठिपका आहे.
डॉक्टर कुलगुडे त्याला काहीतरी नाव सांगतात.
मशीनवरचा माणूस त्याला ओळखतो :
रीळ संपत आलं की पडद्याच्या त्याच कोपऱ्यात
तसाच ठिपका येतो, पुढचं लावा म्हणून.

चव्वेचाळीस वर्षं झाली, तो हललेला नाही.
दुसरं मशीन तयार ठेवून
मी आपला उभा आहे.