पाच मिनिटं, न बोलता

दवाखान्यातल्या मॉराने यंत्र दिलं आठवड्यापुरतं उसनं,
निळ्या पिशवीत, पावतीसकट.
म्हणाली, सकाळी दोनदा, रात्री दोनदा.
आणि दर वेळी आधी पाच मिनिटं बसायचं.
पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर,
पायावर पाय नको.
बोलायचं नाही.

मला हसू आलं. सत्तावन्न वर्षांत
अशी कधी बसले असेन
तर दाढ काढायला.

पहिल्या सकाळी त्या पाच मिनिटांत मी
भांड्यांची, वीजबिलाची, ऋतुजाच्या न आलेल्या फोनची
मनातल्या मनात यादी केली.
आकडा आला एकशे अठ्ठावन्न.
हेरंब म्हणाला, यंत्र बिघडलंय.
मी म्हटलं, यंत्राचं काही बिघडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिसलं:
समोरच्या धुराड्याच्या तोंडाशी
गवताचं एक पातं उगवलंय.
एकोणीस वर्षं याच खिडकीचे पडदे मी
काढले, धुतले, परत टांगले.

चौथ्या दिवशी नदी ऐकू आली.
खोटं कशाला बोलू, नदी नव्हती,
फ्रिज होता.
पण तो घुरघुरून थांबल्यावर
जे उरलं
ते टे नदीचंच असावं.

सोमवारी यंत्र परत केलं.
कागदावरचे आकडे
गुडघे दुखणाऱ्या माणसाने जिना उतरावा तसे उतरलेले,
मध्ये दोनदा काहीतरी विसरल्यासारखे परत वर गेलेले.
मॉरा म्हणाली, छान, पण गोळी सोडायची नाही.
सोडलेली नाही. हे सांगून ठेवते,
नाहीतर लोकांना वाटतं नुसत्या बसण्याने सगळं झालं.

यंत्र गेलं, खुर्ची राहिली.

त्यानंतर लागलेले शोध बारीकसारीक,
आणि सगळेच काही लागू पडले नाहीत.
ओट्सचं थालीपीठ होतं, फक्त हेरंबला विचारू नका.
गार पाण्याची अंघोळ: एकदाच, डंडीच्या फेब्रुवारीत.
मिठाची बरणी अगदी वरच्या फळीवर ठेवली.
आता चिमटीसाठी स्टूल लागतं,
आणि स्टूल ओढून आणेपर्यंत
आमटी चाखून झालेली असते. बरी लागते तशीच.
फोन रात्री पिठाच्या डब्यात झोपतो,
सकाळी त्याला ज्वारीचा वास येतो.
आणि ब्रॉटी फेरीला जाताना एक थांबा आधी उतरते.
ओहोटी असली आणि नशीब असलं तर
वाळूच्या दांड्यावर सील पडलेले दिसतात
ओल्या पोत्यांसारखे.
या गावाने एके काळी जगभराची पोती विणली.
आता एवढीच उरलीत, आणि ती
कुणासाठी काहीही वाहत नाहीत.

एफी शेजारीण आली ती चुकीच्या घरी पडलेलं पार्सल घेऊन,
नेमकी माझी तिसरी मिनिट चालू असताना.
मी उठले नाही. ओठांवर बोट ठेवलं,
दुसऱ्या खुर्चीकडे दाखवलं.
आधी तिला वाटलं घरात कुणी झोपलंय.
मग बसली. मांडीवर पार्सल, पावलं जमिनीवर,
कुणी न सांगता.

घड्याळ झालं तरी ती उठेना.
म्हणाली, ॲलेक गेल्यापासून
सगळे माझ्याशी बोलायलाच येतात.

आता ती घंटी न वाजवता येते,
स्वतःची उशी घेऊन, कमरेसाठी.
कधी हेरंबही दारात टेकून उभा राहतो,
वर्तमानपत्र न उलगडता.
(त्याला बसायचं नसतं. फक्त उभं असायचं असतं.)

उठताना एफी रोज विचारते,
किती आला?
मी खिडकीतून नदीकडे बघून सांगते,
आज भरती आहे,
दुपारपर्यंत उतरेल.