रंग कुठला लावू

पाषाणच्या प्रयोगशाळेत तांबोळीबाई आधी पडदे ओढतात,
मग दार लावतात, मग म्हणतात, "बघा."
"हा संगम पुलाखालच्या पाण्यातला. जिवाणू खातो म्हणतात,
खातो कसला, नुसता आत उतरतो."
पैलूदार डोकं, खाली सहा पाय फाकवून उभा,
पाइप ठोकून बघणाऱ्या प्लंबरसारखा.

"रंग कुठला लावू?"
"रंग नसतो हो यांना.
उजेडाची लाटच यांच्याहून मोठी,
तिला कुठला कळायला वाटेतला कण?"

पण मी पोस्टरवाला.
नारायण पेठेतले घैसास फोनवर सांगतात,
"लालच करा. काटे वाढवा. धडकी भरली पाहिजे."
साथीच्या वर्षी मी तसंच केलं,
आणि शेजारची ऋजुल खिडकीतून ओरडली,
"काका, कदंबाचं फूल!"

बाई एकेक फोटो सरकवतात.
भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा: जुळा, पाठीला पाठ लावलेला.
तंबाखूचा: उदबत्तीची काडी.
पिसाळलेल्या कुत्र्याचा: बंदुकीची गोळी, हुबेहूब.
देवीचा, नावाला देवी,
आकार भाजलेल्या विटेचा, कडा झिजलेल्या.
"इतक्या तऱ्हा, आणि सगळे विषाणूच?"
"आडनाव सारखं म्हणून भाऊबंद नसतात,"
बाई फोटो सरळ करत म्हणाल्या.

"आणि हा?"
त्या जरा थांबल्या. माझ्या काठीकडे पाहिलं,
मग पुन्हा फोटोकडे.
"पोलिओचा. जुना आहे."

नऊ महिन्यांचा होतो मी, वानवडीत.
ताप एका रात्रीचाच, आई सांगायची,
सकाळी दूधसुद्धा प्यायलास.
पुढे सत्तेचाळीस वर्षं मी डावा पाय उचलून ठेवतोय
आणि याचा चेहरा कसा असेल
हे कधी मनातही आलं नाही.
आलं असतं तर दात काढले असते मी त्याला.

वीस त्रिकोण. कडेला कड.
राग कुठेच नाही.
मला वाटलं होतं, निदान ओळखीचा तरी वाटेल.

घरी येऊन फाइल उघडली.
घैसासांचा फोन: "झाला का लाल?"
"होतोय," म्हटलं.
करड्याच्या सात छटा मांडून बसलो होतो,
आणि खालचा एक त्रिकोण काही केल्या बसत नव्हता.
दीड वाजेपर्यंत
तोच पुसत होतो, तोच काढत होतो.