पट्टीची मागची बाजू

मंगळवार पेठेत बुधवारी भरतो जुना बाजार.
नाव एक, वार दुसरा. कुणाला काही वाटत नाही.
तिथे बशीर अत्तारच्या गोणपाटावर,
नळाच्या तोट्या, एका डोळ्याची दुर्बीण
आणि कुणाची तरी कवळी यांच्या मध्ये
ही पितळी पट्टी पडली होती.
वजनावर घेतली. चारशे ग्रॅम.

मला पितळ लागतं. नारायण पेठेत
जिन्याखालच्या दुकानात बसून मी नावं कोरते:
दारावरची, दवाखान्याची,
देवळाच्या पायरीसाठी देणगीदारांची.

पुढून इंग्रजी अक्षरं, सरळ, सरकारी: फीड पंप, दोन.
उलटी केली तर खाली दुसरं काहीतरी,
कानशीने घासलेलं.
घासणाऱ्याचा हात मला कळतो.
आधी आडवे फटके, मन लावून,
मग तिरके, कुणीतरी वरून ओरडत असल्यासारखे.
एका सीखालचं शेपूट राहून गेलंय,
आणि एका एवर एवढीशी लाट.

कॅम्पातले कैखुश्रू भरडा, वय नव्वद,
पस्तीस वर्षं बोटींच्या इंजिनात काढलेले,
भिंग लावून म्हणाले,
'अलिमेन्तासांव. ब्राझीलची बोली.
बॉयलरला पाणी पाजायचा पंप गं.
पण शब्द बघशील तर, भरवणं.'

मग चहा बशीत ओतून सांगत राहिले.
त्यांनी इंग्रजांकडे सहा विनाशिका बांधायला टाकल्या होत्या.
पाट्या त्यांच्या भाषेत, नावंही त्यांचीच.
तेवढ्यात एकोणचाळीसचा सप्टेंबर आला
आणि गोदीतल्या गोदीत मालक बदलला.
'ह्या पट्टीची बोट त्यातली?'
'असेल. नसेल. मी काय जन्मदाखला बघितलाय?'
'मग ही पुण्यात कशी आली?'
'भंगार पोहतं, पोरी.'

सासरी पाठवणीच्या दिवशी
बापानेच मांडवात हात धरावा,
म्हणावं, घराला आग लागलीय, तू इथेच थांब,
आणि पाणी वाहायला लावावं
उत्तरेच्या काळ्या थंडीत, वर्षानुवर्षं.
तिकडे कुठल्या बंदरात
धक्क्याची एक जागा मोकळी ठेवली असेल.
एखाद्या खलाशाने घरी सांगूनही ठेवलं असेल
बोटीचं नाव,
लेकरांना पाठ झालेलं.

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीने नवं नाव लिहिलं.
सगळे म्हणाले, छान आहे, घराला शोभतं.
दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाचा भात केला.
मीही जेवले, वरणासकट.
एकवीस वर्षं शहराची नावं कोरतेय,
माझ्या दुकानावर पाटी नाही.
विचारतात लोक. मी म्हणते, पितळ महाग झालंय.

पॉलिशच्या चाकापाशी दोनदा नेली पट्टी.
दोनदा चाक बंद केलं.
पुढची बाजू घासली, ती घासायलाच हवी होती,
इंग्रजी फीड पंप दहा मिनिटांत गेला,
हिरवट धूळ झाली, नाकपुड्यांत बसली.
मागे हात लावला नाही.

सदाशिव पेठेतल्या बाईंची ऑर्डर होती,
मंगळवारपर्यंत हवी म्हणाल्या, अक्षर ठसठशीत.
कोपऱ्यात चार भोकं पाडली.
स्क्रू मी स्वतः जाऊन पिळले,
शेवटचा जरा आवळून,
म्हणजे ती लाट भिंतीला नीट टेकेल.
बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या,
आतून फोडणीचा ठसका आला,
आणि ओळीने उभी असलेली पोरं
ताटं वाजवायची थांबून
नवी पाटी वाचू लागली:

भागीरथी कडलग
घरगुती खानावळ
रविवारी संध्याकाळी बंद