पाहा

गुरुवारचा तिसरा तास, आठवी ब.
कपाटं तीन. त्यातल्या एकाचं दार
दोरीनं बांधून ठेवावं लागतं.
मी अर्धा ग्रंथपाल, अर्धा लिपिक.
फी भरायचे दिवस आले की पुस्तकांना कुलूप.

श्रावंती म्याकलनं वहीतून पान काढलं,
वहीचं नव्हे, झाडाचं :
तांबूस, कडेनं कातरलेलं,
आईच्या कात्रीखालून उरलेलं टोक.
"सर, हे कुठल्या झाडाचं?"

आमच्या पूर्व भागात हे पान
ब्रँचमधून वजनावर मिळतं, रात्री भिजतं,
हजार बिड्या होऊन परत जातं.
झाड कुणी पाहिलेलं नाही.
मीही नाही. बावीस वर्षं
सहीला आलेले पालक मी
त्याच्या धुराच्या वासावरून ओळखत आलो.

माहीत नाही, म्हणालो,
आणि कपाटाची दोरी सोडली.

जाडजूड खंड. चौथा नाही,
नोंदवहीत त्याच्यापुढे लाल शाईत : गहाळ.
तिनं सूचीवरून बोट फिरवलं.
बिडी – पाहा : तंबाखू.
तंबाखू – पाहा : व्यसने.
बोट तिथंच थांबलं.
"म्हणजे आम्ही व्यसनात येतो का, सर?"

पंखा कुरकुरत होता.
याचं उत्तर मला लगेच सुचलं,
म्हणूनच दिलं नाही.
एवढंच म्हणालो, सूची माणसंच करतात.
दुसऱ्या बाजूनं शिर.

मग ती झाडांच्या बाजूनं आली.
वरचा पुठ्ठा गेलेलं वनस्पतींचं पुस्तक,
चित्राशेजारी आपलं टोक ठेवलं,
शिरा मोजल्या, हळू,
पंचविसाचा कट्टा बांधताना मोजतात तशा.
तेंदू.
आणि खाली बारीक अक्षरात : टेंभुर्णी.

"टेंभुर्णी तर एसटीची पाटी आहे!"
मुदस्सर बागवान मागच्या बाकावरून.
वर्ग हसला. ती हसली नाही,
तिनं नकाशा मागितला.
भिंतीवरचा जिल्हा, माढ्याच्या अंगाला ओल आलेली.
त्या ओलीत बोट ठेवून ती म्हणाली,
"गावाला झाडाचं नाव, मग तिथं झाडं होती का?
होती, तर आमचं पान इतक्या लांबून का येतं?
नव्हती, तर नाव कुणी ठेवलं?"
तासाला येताना प्रश्न एक होता.
नोंदवहीत देवघेवीचे रकाने आहेत,
याला रकाना नाही.

पत्र तिनं लिहिलं, तिकीट मी लावलं.
'टेंभुर्णीतल्या कुठल्याही शाळेचे ग्रंथपाल यांस.'
दीड महिन्यानं उत्तर आलं :
'आमच्याकडे ग्रंथपाल नाही. मी चित्रकलेचा.
झाड मलाही ठाऊक नाही.
सातवीची मुलं शनिवारी
गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरणार आहेत.
पान बघायला पाठवता का?'

ती कात्री घेऊनच आली.
टोकाचे दोन भाग केले, शिरेला धरून,
एक पाकिटात, एक वहीत.
वहीतल्या खाली आता नावं तीन :
तेंदू, टेंभुर्णी,
आणि आईला विचारून आणलेलं, घरच्या तेलुगूतलं,
तुनिकाकु.

काल कार्डांच्या खोक्यात
एक नवं कार्ड सापडलं, तिच्या अक्षरात :
बिडी – पाहा : झाड, मजुरी, आई.

आई हा विषय होत नाही, मी म्हणालो.
"मग मजुरी कुणाची?"

कार्ड राहू दिलंय.
नियमाप्रमाणे आता 'आ'च्या खणात
दुसरं घालावं लागेल.
तिनं ते सुरूही केलंय :
आई – पाहा :
आणि पुढे पेन टेकवून बसलीय.

घंटा झाली तेव्हाही बसलेलीच होती.
मी दोरी बांधली नाही.