माप

कांपिना ग्रांजीच्या मेडिकल कॉलेजातली पोरं
पांढरे कोट माझ्याकडून शिवून घेतात.
खांदा, छाती, बाही,
खिशावर निळ्या दोऱ्यात नाव.
तोंडात टाचण्या धरून मी नुसती मान हलवते,
ती आपसात मेलेल्या माणसांच्या नसांबद्दल बोलतात.

पडद्यापलीकडे माझी तैनारा.
तिसरं वर्ष.
भिंतीवर तिनं माणसाचं आतडं चिकटवलंय,
सात मीटर म्हणे.
मी मनात हिशेब केला, एवढ्यात तीन कोट निघतील.
तिच्या स्वतःच्या आतड्यात मात्र
सकाळचा मक्याचा कुस्कूससुद्धा टिकत नाही.

मला नाडी बघता येत नाही. टेप बघता येते.
फेब्रुवारीत कंबर सव्वीस.
जूनमध्ये संत जॉनची जत्रा आली,
तिनं झगा मागितला नाही.
मीच मागून टेप फिरवली, चोवीसला अर्धा कमी.
"आई, गुदगुल्या होतात," म्हणाली,
पण अंग शहारलं नाही तिचं.

उशीवर केस,
बॉबिनला गुंडाळता येतील एवढे.
मानेवर लाल चट्टे. डावी पापणी
रिकाम्या मशीनसारखी उगाच फडफडते.
शेजारच्या दोना झुल्मीरानं
सतापीची डहाळी तीनदा उतरवून टाकली.
तैनारा हसली,
आणि हसता हसताच मोरीकडे धावली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर अगदी कोवळा.
कोट माझ्याच हातचा, कॉलरवरून ओळखला.
"कधीपासून दुखतं?"
पोरगी गप्प. मग हळूच म्हणाली,
"पर्याय सांगा ना."
तो हसला नाही. पेन खाली ठेवलं.
त्याची नखं
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कुरतडलेली.
म्हणाला, रिपोर्ट सगळे ठीक आहेत.
ठीक म्हणजे कोण ठीक,
विचारायचं राहून गेलं.

नोव्हेंबरातला रविवार.
एकच्या ठोक्याला फाटक बंद होतं.
उशीर झालेली पोरं गज धरून रडतात,
ते बघायला लोक समोरच्या झाडाखाली
खुर्च्या टाकून बसतात.
आम्ही दहालाच पोचलो.
पारदर्शक नळीची काळी पेनं, एक पुरतं, तिनं चार घेतलेली.
भर उन्हात हात गार.
"आई, या हाताची बोटं कळत नाहीयेत मला."
मी एकेक बोट धरलं,
कोटाची बटणं लावतात तसं, वरून खाली.
ती हाडांची नावं सांगत गेली,
मला एकही समजलं नाही.
करंगळीशी आलो तेव्हा फाटक उघडलं.

पुढच्या रविवारी उरलेला अर्धा पेपर.

तिच्या कोटाचं कापड
दोन वर्षांपूर्वीच बेतून ठेवलंय मी, तिला ठाऊक नाही.
त्या मापाची मुलगी आता या घरात राहत नाही.
काल रात्री ती दिवा न मालवता झोपली,
तेव्हा कापड काढलं, पुन्हा खडू मारला.
बारीक केलं नाही.
दोन्ही कुशींना चार-चार बोटं माया सोडली.
झाला तर कोट.
नाही झाला,
तर पोटावर सैल बसेल असा झगा.