इनासचा सज्जा

पुस्तक बदलायला मी साडेपाचला निघते.
कापडी पिशवी, तीत एक परत करायचं,
चष्म्याची डबी, आणि मासळीसाठी
दुमडलेली दुसरी पिशवी.

नाक्यावर सगुण कुणाच्या तरी चपलेत दाभण खुपसताना
मान वर न करता विचारतो, खंय गो चललंस?
मी म्हणते, हयच.
त्याला उत्तर नको असतं. मला प्रश्न हवा असतो.

तर सांगायचं ते असं, की
मी वेंगुर्ल्याबाहेर फारशी गेले नाही.
मुंबई तीनदा, तीनही वेळा इस्पितळ.
त्यामुळे कादंबरीत एखादं शहर आलं,
थंड, नदीकाठचं, दगडी कमानींचं,
की ते बांधायला मला घरचंच सामान लागतं.
नदी म्हणजे खाडी.
न्यायाधीश, उमराव वगैरे मंडळी मामलेदार कचेरीत.
बर्फ तांडेलांच्या कारखान्यातला,
लादीवर भुसा, खाली पाण्याचा ओघळ,
म्हणून मी वाचलेल्या सगळ्या हिवाळ्यांना
किंचित बांगड्याचा वास आहे.
एका सावकाराला विष घातलं गेलं
ते कामतांच्या औषधाच्या दुकानामागं.
कामतांना पत्ता नाही. ते मला अजून
रक्तदाबाच्या गोळ्या हसून देतात.

आणि बाई,
कुठल्याही कादंबरीत जी कोणी वाट बघत असते ती बाई,
नेहमी इनास कार्दोजच्या सज्जात.
छत्री दुरुस्तीच्या वरचा मजला,
हिरवा कठडा, दोन गज मोडलेले.
किती जणी उभ्या केल्या मी तिथं!
एक तर आठशे पानं उभी होती.
(पत्र नाही आलं, हे सांगायचं काम
एकतीस वर्षं माझंच होतं, टपालात, खिडकी नंबर दोन.
वाट बघणारी बाई कुठं नजर टेकवते ते मला कळतं.)

गणपती झाले आणि सज्जा पाडला.
इनासचा मुलगा म्हणाला, कुणाच्या डोक्यात पडला असता.
खरंच होतं.
आता तिथं निळी ताडपत्री, आणि वर
नुसत्या हवेत उघडणारं एक दार.

त्या दिवशी मी पान एकशे बारावर होते.
बाई सज्जात होती.
एकशे तेरा उघडवेना.

वाचनालयात मोचेमाडकरबाईंना सांगून टाकलं.
शिक्का मारता मारता त्यांनी ऐकलं, हसल्या नाहीत.
म्हणाल्या, माझी पहिल्यापासून
दीपगृहाच्या चढावर राहते, पत्र्याच्या घरात.
बघा! आणि मी इतकी वर्षं समजत होते
ही माझीच गरिबी.

पुस्तक बदललं नाही. मुदत वाढवून घेतली.
येताना मुद्दाम बंदराकडून वळले,
घरं बघत, भाडेकरूसाठी बघावीत तशी.
केळुसकरांची खिडकी: टीव्हीचा उजेड फार.
शाळेचा जिना: ओल.
आईस्क्रीमवाल्याची गच्ची बरी होती,
पण तिथं पाण्याच्या टाक्या, आणि एक कुत्रा
जो मलासुद्धा ओळखत नाही.
धक्क्यावर लिलाव उरकला होता,
टोपल्या उलट्या घालून बायका हिशोब करत होत्या.
चार पेडवे घेतले. वजनात एक फुकट.

रात्री भात उतरवून एकशे तेरा उघडलं,
तर बाई सज्जात नव्हतीच.
लेखकानं तिला आधीच खाली आणलं होतं,
कोट, टोपी, हातात काही नाही,
रस्त्याला लागलेली.
मी तिला पुढं जाऊ दिलं.
छत्र्यांवरून, कामतांवरून,
कचेरीच्या भिंतीला धरून, सावलीसावलीनं.
नाक्याच्या थोडं अलीकडं
तिच्या बुटाची टाच निखळली,
एका ओळीत, सहज.

लेखकानं तिला लंगडतच ठेवलं होतं पुढची दोन पानं.
त्याला कुठं माहीत
इथं पंधरा पावलांवर सगुण बसतो,
आठ वाजेपर्यंत.